पान चिकटवलं म्हणजे झाड होत नाही

मुंबईतल्या जोगेश्वरीच्या गुंफेत पायऱ्या उतरून गेलं की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. सहाव्या शतकातलं हे शैव लेणं. माथ्यावर वस्ती. पावसाळ्यात खडक पाझरतो. किती तरी मूर्ती झिजून नुसते उंचवटे उरलेत. दगड, पाणी, शेवाळ आणि डोक्यावरचा संसार एकमेकांचं काय करतात, ते इथे दिसतं. मिश्र माध्यमात काम करणाऱ्या चित्रकाराने इथे एक दुपार काढावी, असं मला मनापासून वाटतं.

कारण निसर्ग आणि शहर या विषयावरची आजची बरीच मिश्र माध्यमातली चित्रं एकाच साच्यातली आहेत. वाळलेलं पान, गंजका पत्रा, वर्तमानपत्राचा तुकडा, वरून रेझिन. वस्तू आणली जाते, तिला काम दिलं जात नाही. पान काढून टाका, चित्राचं काही बिघडत नाही.

वस्तूला काम देणारे चित्रकारही आहेत. घाटकोपरच्या अतुल डोडिया यांनी २००१च्या सुमारास दुकानाचं लोखंडी शटर घेतलं, त्यावर इनॅमलने रंगवलं. शटर वर सरकवलं की मागे दुसरंच चित्र. दंगलीत धाडकन खाली आलेली शटरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना कॅनव्हासवर हे का जमलं नसतं ते कळतं. जितीश कल्लाट यांच्या ‘अ‍ॅक्वासॉरस’मध्ये (२००८) रेझिनच आहे, पण त्यातून हाडांचा पाण्याचा टँकर उभा राहतो. हंडे घेऊन टँकरची वाट पाहणाऱ्या उपनगराला तो सापळा ओळखीचा वाटेल. ठाण्याच्या प्राजक्ता पोटणीस यांनी तर भिंतीचे पोपडेच विषय केले. शहरी घरात निसर्ग कुंडीतून येत नाही, ओल होऊन येतो, हे त्यांना दिसलं. माझ्या मते या तिघांत निसर्गाच्या सर्वांत जवळ त्याच गेल्या.

जोगेश्वरीला लागूनच आरेचं जंगल आहे, तिथे वारल्यांचे पाडे आहेत. वारली चित्रात माध्यम आणि निसर्ग वेगळे नव्हतेच: सारवलेली भिंत, गेरू, तांदळाचं पीठ. लग्नघरातल्या बायकांची ही कला जिव्या सोमा मशे यांनी कागदावर, कापडावर आणली. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज शहरातल्या भिंतींवर पांढऱ्या ॲक्रिलिकमध्ये तारपा नाच रंगवला जातो, तेव्हा माती गळून जाते, नक्षी उरते. ऑक्टोबर २०१९मध्ये याच आरेत मेट्रो कारशेडसाठी २,१४१ झाडं तोडली गेली. नक्षीला त्या तोडीबद्दल काही सांगता येणार नाही.

म्हणून तरुण चित्रकारांना विनंती आहे. पुढचं पान उचलण्याआधी डिंक आणि रेझिन घरी ठेवून आरेतल्या एखाद्या पाड्यावर जा. भिंत कशी सारवतात, ते तिथल्या बाईकडून आधी शिका.