रोटरीची बदली

माझदाने २०२३मध्ये ब्रुसेल्सला 'एमएक्स-३० आर-ईव्ही' दाखवली आणि 'रोटरी परत आली' म्हणून जल्लोष सुरू झाला. मोटारींवर लिहिणारी मंडळी इतकी भाबडी कधीपासून झाली? ८३० सीसीचा एकुलता एक रोटर, तोही चाकांशी संबंध नसलेला. त्याने फक्त वीज तयार करायची. मैफली गाजवलेल्या गवयाला तंबोऱ्यावर बसवायचं आणि वर त्याचा सत्कार करायचा, असा हा प्रकार आहे.

तऱ्हेवाईक इंजिनांचा इतिहास मोठा आहे, पण त्यातलं बरंचसं नुसतं हौसेचं. नाइट नावाच्या संशोधकाची स्लीव्ह-व्हॉल्व्ह इंजिनं शांतपणे ऑइल पीत राहिली. क्रायस्लरने साठच्या दशकात पन्नास टर्बाइन गाड्या लोकांना वापरायला दिल्या आणि पुढे बहुतेक स्वतःच मोडून टाकल्या. टाटांनी २००७मध्ये फ्रेंच एमडीआयशी करार केला, ती हवेवर चालणारी गाडी बाजारात आलीच नाही. त्यावर आणखी लिहिणं म्हणजे हवेत वार करणं.

रोटरीची गोष्ट वेगळी. पिस्टन वर जातो, थांबतो, उलटा फिरतो. या हिसक्यांना रोटरीचा जनक वँकेल याने रजा दिली. त्रिकोणी रोटर फिरता फिरताच हवा ओढतो, दाबतो, जाळतो आणि बाहेर टाकतो. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. सगळं दुखणं रोटरच्या तीन टोकांवरच्या सीलमध्ये. एनएसयूची आरओ ८० ही १९६८ची युरोपातली 'कार ऑफ द इयर', पण सील झिजून इंजिनं बदलता बदलता कंपनी टेकीला आली आणि १९६९मध्ये फोक्सवॅगनच्या पदरात पडली.

हिरोशिमात माझदाचे केनिची यामामोतो आणि त्यांचे तरुण इंजिनिअर याच दुखण्याशी झुंजत होते. सील थरथरून रोटरच्या घराच्या भिंतीवर चरे पाडत. त्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. अखेर कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाचं सील त्यांच्या हाती लागलं आणि १९६७मध्ये कॉस्मो स्पोर्ट विक्रीला आली. तेलसंकटानंतर जनरल मोटर्सनेही रोटरी सोडली. माझदाने १९७८मध्ये आरएक्स-७ काढली आणि १९९१मध्ये चार रोटरच्या ७८७बीने ल मांची शर्यत जिंकली. या विजयाच्या आकसाने रोटरीवर बंदी घातली, ही चाहत्यांची आवडती दंतकथा. नवे नियम आधीच ठरले होते. इतक्या मोठ्या इंजिनाला असल्या रडगाण्याची गरज नाही.

रोटरी पेट्रोल पिते, हा आक्षेप खरा आहे. ज्वलनाची जागा लांबट आणि चपटी, ज्योत कोपऱ्यांपर्यंत नीट पोचत नाही, न जळलेलं इंधन धुराड्यातून निघून जातं. शिवाय सील ओले राहावेत म्हणून थोडं ऑइलही जाळावं लागतं. मग जी जागा केवळ काटकसरीची, तिथेच हिला का नेमलं? आटोपशीर आहे, बॉनेटखाली बसते, असं समर्थन होतं. अहो, जनरेटरची किंमत तो लिटरभर पेट्रोलमध्ये किती वीज देतो यावर ठरते, आणि नेमका हाच तिचा सगळ्यात कच्चा विषय. रोटरीवर चालणारी आरएक्स-८ मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत चढायची. उजव्या पायाखाली जाणवणारी ती चढण हेच तर तिचं वैभव होतं. तेच आता मोटर आणि बॅटरीच्या पडद्याआड गेलं. गुण झाकायचे, दोष तेवढा कामाला लावायचा. ह्याला अभियांत्रिकी म्हणायचं की जाहिरात?

२०२३मध्येच टोकियोला दाखवलेल्या देखण्या आयकॉनिक एसपीतही दोन रोटर आहेत, पण कामाला जुंपलेत ते विजेच्याच. रोटरी चाकांना जोडण्याची हिंमत माझदाकडे नसेल, तर हे जनरेटरचं काम तिने आपल्या साध्या पिस्टन इंजिनाला द्यावं. ते पेट्रोल तरी कमी पिईल.