सिनेमाची पैसेवारी

दरवर्षी सप्टेंबर संपत आला की अमरावती आणि अकोल्याच्या वर्तमानपत्रांत एक आकडा छापून येतो. खरीप पिकांची नजरअंदाज पैसेवारी. ऑक्टोबरअखेर, म्हणजे दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडण्याच्या सुमारास, सुधारित पैसेवारी जाहीर होते आणि डिसेंबर संपताना अंतिम. हा आकडा पन्नास पैशांच्या आत आला तर शेतसाऱ्यात सूट, वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. वर गेला तर काही नाही. ‘रेटिंग’ हा शब्द ज्यांनी कधी उच्चारला नाही, अशा माणसांचे आयुष्य वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या रेटिंगवर चालत आले आहे. पूर्वी ते सोळा आण्यांत होई, म्हणून आणेवारी. १९५७ साली दशमान नाणी आली आणि पुढे पैसेवारी हा शब्द रुळला. जुनी माणसे अजून आणेवारीच म्हणतात.

हा लेख चित्रपटांविषयीच्या मतांचा आणि त्या मतांना दिल्या जाणाऱ्या गुणांचा आहे. पैसेवारीपासून सुरुवात करण्याचे कारण माझे मामा. दर्यापूर तालुक्यातल्या खारपाणपट्ट्यात त्यांची शेती. काही वर्षे मी एका दैनिकाच्या वऱ्हाड आवृत्तीत आठवड्याला चित्रपट परीक्षण लिहीत असे. संपादकांचा आग्रह एकच असे, शेवटी तारे हवेत. पाचपैकी किती, ते. तीनशे शब्दांचा मजकूर जागा कमी पडली की कापला जाई, तारे कधी कापले गेले नाहीत.

२००९ मध्ये सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ आला. मी तो पुण्याला पाहिला आणि साडेतीन तारे दिले. परीक्षणात बरेच चांगले लिहिले होते. उरलेल्या दीड ताऱ्याचे कारण म्हणून एवढेच वाक्य होते की मध्यंतरानंतर चित्रपट काहीसा संथ होतो. पुढे गावी गेलो तेव्हा मामांनी ते कात्रण काढले. चित्रपट त्यांनी पाहिला नव्हता. त्यांचा प्रश्न ताऱ्यांपुरता होता.

“हा अर्धा कायचा कापला रे बाप्पा?”

मी म्हणालो, “मामा, सिनेमा थोडा संथ आहे.”

“संथ म्हंजे? पान्याची वाट पाह्याले किती दिवस लागतात, मालूम हाय का तुले?”

मग त्यांनी पैसेवारी कशी काढतात ते मला सांगितले, जसे काही मी परदेशातून आलो होतो. तलाठी, ग्रामसेवक, सरपंच आणि गावचे दोनचार शेतकरी मिळून शेत ठरवतात. त्यात मोजून एक तुकडा आखतात, तेवढेच पीक कापतात, वजन करतात. मग त्या भागात त्या पिकाचे जे प्रमाण उत्पन्न धरलेले असते त्याच्याशी ते ताडून पाहतात. “तू कोन्त्या प्रमाणाशी ताडलं?” असे त्यांनी विचारले. याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. आजही नीटसे नाही.

चित्रपटाला तारे देण्याची चाल अमेरिकेतली. न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर यांनी १९२८ च्या जुलैमध्ये ती सुरू केली, तेव्हा कमाल तीन तारे असत. पुढे ती जगभर पसरली, कारण ती जाहिरातीच्या फार सोयीची आहे. परीक्षणातले वाक्य पोस्टरवर छापायचे तर ते मोडून तोडून घ्यावे लागते, तारे आहेत तसे छापता येतात. मला यापेक्षा एक दुसरी पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. पॅरिसच्या ‘काइए द्यू सिनेमा’ने १९५५ मध्ये दहा परीक्षकांचा तक्ता छापायला सुरुवात केली. डाव्या बाजूला चित्रपट, वर दहा जणांची नावे आणि प्रत्येक चौकटीत त्या त्या माणसाने दिलेले तारे. न पाहिला तरी चालेल अशा चित्रपटापुढे काळा ठिपका. त्या तक्त्यात वाचकाला दिसे की अमक्याने चार तारे दिले तिथे तमक्याने ठिपका ठेवला आहे. भांडण उघड्यावर होते. आज आयएमडीबीवर जो दशांशातला आकडा दिसतो त्यात ते भांडण मिटवलेले असते. ती सरळ सरासरीही नाही, मतांना कमीजास्त वजन देऊन काढलेली सरासरी आहे, आणि ते वजन नेमके कसे देतात हे ती संस्था सांगत नाही. पैसेवारीवर गावात निदान आरडाओरड करता येते. तलाठी समोर असतो.

अर्थात पैसेवारीचीही आरती ओवाळायला नको. ती गावाची काढतात, शेताची नाही. नदीकाठच्या चार शेतांनी गावाचा आकडा वर नेला की मुरमाड जमिनीवरचा माणूस कोरडाच राहतो. सरासरीचा हा दोष चित्रपटाच्या बाबतीतही आहे आणि व्यापाराने तो आपल्यापुरता फार पूर्वी ओळखला होता.

हिंदी चित्रपटांच्या धंद्यात आजही ‘सीपी बेरार’ नावाचे वितरणक्षेत्र आहे. सीपी अँड बेरार हा प्रांत १९५० मध्ये नकाशावरून गेला, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात, पण वितरकांच्या वह्यांत बेरार जिवंत आहे. या सर्किटचा पसारा विदर्भ, खानदेशापासून छत्तीसगडपर्यंत. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचे मुख्यालय भुसावळला, आणि अमरावती हे वितरणाचे जुने ठाणे. या शहराने चित्रपटगृहांची नावे चौकांना दिली. राजकमल चौक, चित्रा चौक, प्रभात चौक. टॉकीजचे दिवस गेले तरी ऑटोवाला पत्ता त्याच नावाने समजतो.

वितरकाचा निकाल समीक्षकापेक्षा वेगळा, पण त्याला प्रमाण होते. चित्रपट त्या क्षेत्रासाठी किती रुपयांना घेतला, मिनिमम गॅरंटी किती भरली आणि तिच्यावर किती आले. वर आले त्याला ‘ओव्हरफ्लो’ म्हणत. त्यामुळे एकच चित्रपट मुंबईत सुपरहिट आणि सीपी बेरारमध्ये पडेल असू शके, आणि यात कुणाला विसंगती वाटत नसे. १९७५ मध्ये ‘शोले’ आणि ‘जय संतोषी माँ’ एकाच वर्षी आले. पहिल्याला सुरुवातीला समीक्षकांनी डोक्यावर घेतले नव्हते, दुसऱ्याकडून धंद्यालाही फारशी आशा नव्हती. नजरअंदाज दोन्ही वेळा चुकला, अंतिम पैसेवारीत दोन्ही सोळा आणे. समीक्षेत मात्र सुधारित आकडा जाहीर करण्याची प्रथा नाही. शुक्रवारी दिलेले तारे तसेच राहतात. मी दिलेल्या ताऱ्यांपैकी किमान तिसरा हिस्सा आज मी बदलेन.

वितरकाच्या वहीत तिकिटे होती, मते नव्हती. मते बाहेर होती, चहाच्या टपरीवर, एसटीत. वऱ्हाडी माणूस चित्रपट ‘पायतो’, ‘पाहतो’ नाही, आणि आल्यावर त्याचा निकाल एका शब्दात लागतो. ‘बेस हाय’ ही मोठी पावती. ‘फोकनाड’ म्हणजे नुसती बढाई, आत काही नाही. पडद्यावरच्या पोकळ शौर्याला इतका नेमका शब्द प्रमाण मराठीत मला सापडलेला नाही. ‘भैताड’ हे पात्राबद्दलही असते, दिग्दर्शकाबद्दलही. आणि एक निकाल असा असतो की त्यात शब्दच नसतो. विचारले तर माणूस पावसाचे बोलायला लागतो. या शब्दांत जो फरक आहे तो पाच ताऱ्यांत बसत नाही. फोकनाड चित्रपट पैसे वसूल करणारा असू शकतो, बेस चित्रपट पुन्हा न पाहण्यासारखा.

हीच भाषा पडद्यावर आली की बहुतेक वेळा हसण्यासाठी येते. अमरावतीचे भारत गणेशपुरे यांनी तिला घरोघरी नेले, त्याबद्दल आम्हाला त्यांचा अभिमान आहे. पण वऱ्हाडी बोलणारा माणूस गंभीर झाला तरी मुंबई-पुण्याच्या प्रेक्षागृहात पहिल्या दोन मिनिटांत हशा पिकतो, हा अनुभव नाट्यस्पर्धांना जाणाऱ्या इकडच्या कुठल्याही संघाला विचारा.

‘गाभ्रीचा पाऊस’चे धाडस इथे आहे. नावातच शिवी, तीही पावसाला, आणि ती घरच्या माणसाला द्यावी तशी. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्यानंतर देशभरच्या कॅमेऱ्यांना इथे एकच चित्र हवे होते: फास, विषाची बाटली, विधवा. मनवरांनी ते सुरुवातीलाच ठेवून दिले. शेजारी आत्महत्या करतो आणि अलकाच्या (सोनाली कुलकर्णी) मनात भीती बसते की आता आपल्या किसनाची (गिरीश कुलकर्णी) पाळी. मग ती त्याला जपायला लागते. चांगलेचुंगले करून घालते, त्याचे मन मोडू देत नाही, पोराला त्याच्या मागे मागे पाठवते. किसनाला कळत नाही की घरात एवढे लाड कशाचे चालले आहेत. प्रेक्षक हसतो. आणि हसता हसता त्याच्या लक्षात येते की आत्महत्या ही इथे घटना राहिलेली नाही, घरातल्या बाईवर पडलेली रोजची पाळत झाली आहे. दोरी कुठे ठेवली, औषधाचा डबा कुठे, हा माणूस अजून शेतातून का आला नाही. आकडेवारीत मेलेले मोजले जातात, ही पाळत कुणी मोजत नाही.

मी ज्याला संथपणा म्हटले तो या पाळतीचा वेळ होता. काही जागी पात्रांची वऱ्हाडी पुण्याहून प्रवास करून आल्यासारखी वाटते, त्यासाठी अर्धा तारा कापला असता तर मामांनी तो मान्य केला असता. मी नेमका चुकीच्या जागी कापला.

पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, अनुषा रिझवी यांचा ‘पीपली लाइव्ह’ आला. दिल्ली-मुंबईत त्याचे भरभरून कौतुक झाले. विदर्भ जनआंदोलन समितीने मात्र त्याला जाहीर विरोध केला. शेतकरी भरपाईच्या पैशासाठी जीव देतो असा समज त्यातून पसरेल, ही मुख्य तक्रार. तेव्हा आम्ही परीक्षक मंडळी या विरोधावर हसलो होतो. उपहास कळत नाही, चित्रपट प्रसारमाध्यमांवर आहे, शेतकऱ्यावर नाही, वगैरे. बंदीची मागणी मला आजही मान्य नाही. पण तक्रार मी आता समीक्षा म्हणून वाचतो, आणि ती वाईट समीक्षा नाही. ज्या गावात मयत शेतकऱ्याचे प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे सरकारी समिती ठरवते, तिथे भरपाईवरचा विनोद वेगळा ऐकू येतो. अपात्र ठरलेल्या घरातल्या बाईने तो चित्रपट पाहिला तर तिने किती तारे द्यावेत? उपहास तिला कळतो. तिच्याकडे प्रमाण दुसरे आहे.

‘गाभ्रीचा पाऊस’विषयी इकडे मी सर्वांत जास्त ऐकलेले मत असे की ‘हे तर आम्ही रोजच पायतो, पैशे देऊन कायले पाहाव?’ अभिरुची नाही म्हणून हे मत झटकून टाकणे सोपे आहे, मी ते केले आहे. मात्र २०१६ मध्ये हेच लोक ‘सैराट’ला पुन्हा पुन्हा गेले, आणि त्याचा शेवट काही सुखाचा नव्हता. दुःख चालत नाही असे नाही. आपलेच दुःख, तेही दुसऱ्याने आखलेल्या तुकड्यात, पाहायला माणूस बिचकतो.

मामांनी ‘गाभ्रीचा पाऊस’ शेवटी टीव्हीवर पाहिला, बऱ्याच वर्षांनी, मामीसोबत. मी फोन केला आणि न राहवून विचारले की किती आणे. ते म्हणाले, “यंदा सोयाबीन गेलं, तूर बरी हाय.” मग फोन मामीकडे दिला. मामी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, “त्या बाईचं मात्र बराबर दाखोलं.” आणि विचारले, दिवाळीला येतोस ना.