सेलबोर्नचा बखरकार

गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) ह्याचा सेलबोर्न गावाच्या निसर्गाचा व प्राचीन अवशेषांचा वृत्तांत १७८९ हे साल मिरवीत प्रसिद्ध झाला. हँपशायरमधील एका आडगावाची ही बखर इंग्रजी वाङ्मयात अभिजात ठरली, ती पाखरे, किडे व एक कासव ह्यांच्या बळावर. प्राचीन अवशेषांचा उत्तरार्ध तर पुष्कळ संपादकांनी सरळ गाळूनच टाकला. १२३३ मध्ये स्थापन झालेल्या मठाच्या दानपत्रांत सामान्य वाचकाचे मन रमत नाही, हे मान्य. परंतु म्हणून व्हाइटला केवळ पक्षिनिरीक्षक समजणे युक्त नव्हे. गावाची परंपरा त्याने पूर्वार्धातील पत्रांतच ओघाओघाने नोंदविली आहे.

ॲश वृक्षाचे कोवळे खोड चिरून अंतर्गळाच्या मुलांना उघड्या अंगाने त्या फटीतून पार करीत. चीर सांधली की मूल बरे होणार! दुसऱ्या एका ॲशच्या खोडात जिवंत चिचुंदरी कोंडीत व त्याच्या डहाळ्या दुखऱ्या गुरांच्या अंगावरून फिरवीत. लोक विनवीत असता एका व्हिकरने तो वृक्ष जाळला. व्हाइट ह्या समजुतींना भ्रमच मानतो. तपशील मात्र ममतेने टिपतो.

लव्हाळ्याच्या दिव्यांविषयीचे १७७५ चे पत्र मला सर्वांत मोलाचे वाटते. लव्हाळे सोलताना गाभ्याला आधार म्हणून सालीची अरुंद पट्टी कशी राखावी, चरबीत कसे बुडवावे, हे सारे जणू चुलीपाशी बसून लिहिले आहे. एक लांब लव्हाळा ५७ मिनिटे जळाला, हे त्याने घड्याळ लावून पाहिले. एका फार्दिंगमध्ये गरिबाला साडेपाच तास उजेड मिळतो, हा त्याचा हिशेब. तरीही अतिगरीब लोक रोज अर्ध्या पेनीची, दोन तास जळणारी मेणबत्ती घेतात, म्हणून त्यांना काटकसर कळत नाही, असा ठपका तो ठेवितो. येथे त्याची दृष्टी तोकडी पडते. एक पौंड लव्हाळे चरबीसह तयार करण्यास तीन शिलिंग लागतात, हा आकडा त्याचाच. ज्याच्या हाती दिवसाअखेर अर्धी पेनीच उरते, त्याने एकदम तीन शिलिंग आणावे कोठून? हा प्रश्न त्याला सुचतच नाही. गावात गरीब पुष्कळ. पण त्यांतील बरेचजण दगडविटांच्या घरांत सुखाने राहतात, असेही तो पेनंटला कळवितो.

त्याच्या मृत्यूनंतर ३७ वर्षांनी, नोव्हेंबर १८३० मध्ये, ह्याच सेलबोर्नात मजुरांचा जमाव व्हिकरकडे धर्मदशांश कमी करा म्हणून गेला, आणि गावच्या वर्कहाऊसवरही चालून गेला.