याज्ञिकांचा फोटो प्रस्तावनेत, बीएमआय पद्धतीत

जास्त वजनाच्या मधुमेहींमधले हार्मोन्स आणि रक्तातली चरबी, या विषयावर सिनॉप्सिस लिहायला बसलं की वाचनाच्या पहिल्या आठवड्यातच एक फोटो समोर येतो. २००४ सालच्या 'लॅन्सेट'मधला, पानभरही नसलेला मजकूर आणि शीर्षक 'वाय-वाय पॅराडॉक्स'. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी आहेत. दोघांचाही बीएमआय २२.३, पण डेक्सा स्कॅनमध्ये याज्ञिकांच्या अंगात चरबी २१.२ टक्के निघाली आणि युडकिनांच्या ९.१. (साखरेवर पुस्तक लिहिणारे जॉन युडकिन वेगळे. संदर्भसूची करताना दोघांची सरमिसळ करू नका.)

फोटो भारीच आहे. एकदा पाहिला की विसरत नाही. पण संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी तो दुसऱ्यांदा, जरा थंड डोक्याने बघावा. इथे नमुना किती? दोन माणसं, तीही लेखकच. यावरून 'भारतीयांमध्ये चरबी जास्त असते' असं सिद्ध होत नाही आणि लेखकांनीही तसा दावा केलेला नाही. उलट त्यांनी गंमतीत लिहून टाकलंय की युडकिन मॅरेथॉन पळतात आणि याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रोज सकाळी दवाखान्याच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं. हा विनोद वाटतो, पण खरं तर ती पद्धतीची मर्यादाच आहे: दोघांमधला फरक वंशाचा की व्यायामाचा, हे या फोटोवरून सांगता येत नाही. आपल्याकडे हा लेख उद्धृत करताना मॅरेथॉन आणि लिफ्ट दोन्ही गळून पडतात, उरतात फक्त टक्केवाऱ्या.

मग पुरावा कुठे आहे? तो पुण्याजवळच्या सहा खेड्यांत आहे. १९९३ ला सुरू झालेल्या पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडीत तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पुण्याची बाळं जवळपास प्रत्येक मापात लहान होती, पण खांद्याच्या हाडाखालच्या कातडीची घडी मोजली तर तिथे फरक सगळ्यात कमी. म्हणजे स्नायू कमी आणि चरबी मात्र राखून ठेवलेली. २००२ च्या दुसऱ्या एका पेपरमध्ये पुणे आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलंय. पुण्याची बाळं हलकी असूनही लेप्टिन लंडनच्या बाळांइतकंच होतं आणि इन्सुलिन त्यांच्यापेक्षा जास्त. उद्धृत करायचंच तर हे करा, फोटो नंतर आला तरी चालेल.

आता माझी खरी तक्रार. आपल्या भागातले या विषयावरचे डिझर्टेशन आणि छोटे पेपर काढून बघा. बऱ्याच ठिकाणी प्रस्तावनेत याज्ञिकांचं नाव असतं, बीएमआयवर भरवसा ठेवू नका असं लिहिलेलं असतं, आणि तीन पानं उलटली की निवडीचा निकष येतो: बीएमआय २५ च्या वर. पहिल्या प्रकरणात ज्या मापावर शंका घेतली, त्याच मापाने दुसऱ्या प्रकरणात माणसं निवडायची! वर २५ का, तेही कुणी सांगत नाही. वाय-वायच्या त्याच अंकात, अगदी आधीच्या पानांवर, जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचा लेख आहे. त्यांनी २५ आणि ३० या जुन्या रेषा ठेवल्या, पण आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे आकडे जोडले. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहमतीत जास्त वजन २३ पासून आणि लठ्ठपणा २५ पासून धरलाय. म्हणजे २४ बीएमआयचा मधुमेही एका पेपरमध्ये 'जास्त वजनाचा' आणि दुसऱ्यात 'नॉर्मल'. अशा दोन पेपरांची तुलना कशी करणार?

निष्कर्षाच्या तक्त्यात बहुतेक वेळा हे असतं: लेप्टिनचा बीएमआयशी संबंध, पी ०.०५ पेक्षा कमी. अहो, लेप्टिन चरबीच्याच पेशी तयार करतात. चरबी वाढली की ते वाढणारच. बायकांमध्ये ते पुरुषांपेक्षा जास्त असतं, त्यामुळे दोघांना एकाच तक्त्यात टाकलं की संबंध आणखी गढूळ होतो.

खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. इन्सुलिन चरबीच्या पेशींना लगाम घालतं. पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या की फॅटी आम्लं सुटून यकृताकडे जातात, यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडतं, आणि त्याच्या देवाणघेवाणीत एचडीएल घटतं. हा क्रम तपासायचा तर फक्त लठ्ठ मधुमेही घेऊन भागत नाही. सगळेच लठ्ठ घेतले तर चरबीतला फरकच आपण कापून टाकतो आणि संबंध आहे त्यापेक्षा फिका दिसतो. लठ्ठ मधुमेही विरुद्ध सडपातळ निरोगी अशी तुलना केली तर मधुमेहाचा परिणाम कुठला आणि वजनाचा कुठला, हे वेगळं काढता येत नाही. किमान चार गट लागतात: मधुमेह असलेले-नसलेले, आणि दोन्हींत जास्त वजनाचे-नसलेले. गाइड म्हणतील, चार गटांना किट परवडणार नाही. मग हार्मोन एकच मोजा, पण गट चार ठेवा.

'निरोगी' गट मिळवणंही सोपं नाही. आयसीएमआर-इंडियाबच्या २०१४ च्या पेपरमध्ये महाराष्ट्रासह चार प्रदेशांतले २,०४२ लोक होते. त्यांत ७२.३ टक्क्यांचं एचडीएल कमी, २९.५ टक्क्यांचे ट्रायग्लिसराइड जास्त, आणि ७९ टक्के लोकांमध्ये चरबीची निदान एक तरी गडबड. कंट्रोल गटाचं एचडीएल पुस्तकातल्यासारखं सुंदर दिसत असेल तर ही माणसं कुठून आणली, असं व्हायवात विचारलंच पाहिजे.

औषधांचा कॉलम हा दुसरा दुखरा भाग. स्टॅटिन चालू असलेल्याचं एलडीएल हे औषधाचं एलडीएल. होमा काढायला उपाशीपोटीची साखर गुणिले इन्सुलिन भागिले ४०५, एवढं सोपं सूत्र आहे म्हणून ते सगळ्यांना लावतात. इन्सुलिन टोचून घेणाऱ्यालासुद्धा! आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असतील तर फ्रीडवाल्डच्या सूत्राने एलडीएल काढायचं नसतं, तरी एक्सेल काढून देतं आणि तो आकडा छापला जातो.

'उपाशी' या शब्दाकडेही बघा. मुदखेडहून सकाळच्या गाडीने नांदेडला दाखवायला जाणारा माणूस स्टेशनावर चहा घेतोच, आणि ते त्याच्या हिशेबात खाणं नसतं. 'काही खाल्लं का' असं विचारलं तर 'नाही' म्हणतो. 'चहा कधी घेतला' असं विचारावं लागतं. प्रोफॉर्मात हा प्रश्न घालायला पैसे लागत नाहीत.

पैसे टेपलाही लागत नाहीत फारसे. कंबर पुरुषांत ९० सें.मी. आणि बायकांत ८० सें.मी. ही दक्षिण आशियाई लोकांसाठी वापरली जाणारी रेषा आहे. ती बीएमआयच्या शेजारी ठेवली की ओपीडीच्या रांगेतली २२ बीएमआयची, दिसायला काटक, शेतात राबणारी मधुमेही बाई अभ्यासात येते. आत्ताच्या निकषात ती दारातूनच परत जाते, आणि वाय-वायचा फोटो तर तिच्यासारख्यांबद्दलच होता. त्या मजकुरात याज्ञिकांच्या कमी जन्मवजनाचाही उल्लेख आहे. तिला तिचं जन्मवजन विचारलं तर 'घरीच झाले, कोण मोजतंय' असं उत्तर येईल. तो रकाना रिकामाच राहणार, तरी छापून ठेवा. तिची मुलं दवाखान्यात जन्मलेली असतील तर त्यांची वजनं कार्डावर सापडू शकतात.