ख्रिस्तचरित्र, फाळके आणि मराठी लोकप्रिय संस्कृती

भारतीय चित्रपटाच्या उगमाचा इतिहास सांगताना ख्रिस्ताच्या जीवनावरील एका विदेशी मूकपटाचा उल्लेख बहुतेक अभ्यासक करतात आणि लगेच पुढे सरकतात. १९१० च्या सुमारास मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये धुंडिराज गोविंद फाळके यांनी तो पाहिला. आपले राम-कृष्ण पडद्यावर आणण्याची ईर्षा त्यांच्या मनात निर्माण झाली. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. या घटनाक्रमाचा अर्थ ‘स्वदेशी’ या एका शब्दात लावला जातो. परक्या देवाच्या जागी आपला देव आणला, असा त्याचा मथितार्थ. हा अर्थ चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे.

फाळके यांनी १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात लिहिलेल्या आठवणी काही वेगळे सुचवितात. ख्रिस्ताचे जीवन डोळ्यांपुढून सरकत असता मनश्चक्षूंना कृष्ण, राम, गोकुळ आणि अयोध्या दिसत होती, असा त्यांच्या कथनाचा आशय आहे. तो चित्रपट त्यांनी पुन्हा पाहिला. एका प्रतिमेने दुसरीला हुसकावून लावल्याचा हा अनुभव नव्हे, तर एकीतून दुसरी उमटल्याचा आहे. त्र्यंबकेश्वरच्या संस्कृतज्ञ घराण्यात, कथाकीर्तनाच्या वातावरणात वाढलेल्या प्रेक्षकाला जन्म, चमत्कार, छळ आणि मृत्यूवरील विजय हा क्रम अपरिचित नव्हता. शिवाय फाळके यांनी पहिल्या चित्रपटासाठी अवतारकथा निवडली नाही. त्यांनी निवडला तो सत्यासाठी राज्य, पत्नी आणि पुत्र गमावून स्मशानात उभा राहिलेला राजा. निरपराधाच्या यातनांची ही कथा ख्रिस्तचरित्राच्या किती जवळची आहे, याकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही.

ख्रिस्तकथेचे असे मराठी ग्रहण त्यापूर्वीही झाले होते. फादर स्टीफन्स यांनी ओवीत रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. नारायण वामन टिळक नागपुरात बुटींच्या आश्रयाने ग्रंथकार्य करीत होते. पुढे राजनांदगावला जाताना आगगाडीत एका मिशनऱ्याने त्यांना बायबल दिले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग आणि कीर्तन हीच माध्यमे वापरली. कीर्तन हे त्या काळाचे लोकप्रिय माध्यमच होते. तेव्हा ‘लोकप्रिय’ म्हणजे उथळ, हे समीकरण येथे टिकत नाही.

चित्रकथेत मात्र हा ओघ आटलेला दिसतो. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ मालेत येशू ख्रिस्तावरही अंक निघाला आणि पुढे मदर तेरेसा यांच्यावरही. मालेचा समावेशक हेतू प्रशंसनीय आहे. अडचण साच्याची आहे. राजा असो, संत असो वा क्रांतिकारक, जन्म, परीक्षा, पराक्रम आणि अंत या एकाच वाटेने प्रत्येक चरित्र चालते. चमत्कार चौकटीत सहज मावतो. शत्रूवर प्रेम करण्याची आज्ञा संवादाच्या फुग्यात आली की सुभाषित होऊन बसते. संस्थापकाचे चरित्र उरते, श्रद्धाळूचे अंतरंग नाहीसे होते.

हा दोष माध्यमाचा म्हणावा काय? अमेरिकेत जस्टिन ग्रीन यांनी १९७२ मध्ये ‘बिंकी ब्राऊन मीट्स द होली व्हर्जिन मेरी’ या चित्रकथेत कॅथलिक वळणात वाढलेल्या मुलाची पापभीती आणि तिचा छळवाद रेखाटला. तेथे चमत्कार नाही. श्रद्धेने पछाडलेले मन आहे, आणि ते हास्यास्पदही आहे. चित्रकथेला अंतर्मन वर्ज्य नाही, एवढे यावरून निश्चित होते.

मराठीत या जातीचे साहित्य पूर्वीपासून उपलब्ध आहे, परंतु ते गद्यात आहे. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त धर्मांतर एका क्षणात घडत नाही. पती ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्याजवळ राहायला येऊनही सोवळे आणि वेगळे पाणी सांभाळणारी ही स्त्री जातिभेदाचा स्वतःच विचार करीत हळूहळू बदलते. हा बदल ती विनोदाने, स्वतःलाही न सोडता सांगते. विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी या आत्मचरित्रावर चित्रपट केला, तेव्हा मराठी ख्रिस्ती घर पडद्यावर मराठी घर म्हणूनच दिसले. एरवी हिंदी चित्रपटाने रूढ केलेला ख्रिस्ती माणूस गोव्याचा, गिटार वाजविणारा आणि मोडकी भाषा बोलणारा असतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या मराठीतून प्रार्थना करणारा ख्रिस्ती शेतकरी त्या प्रतिमेत कोठेच बसत नाही.