मौनावर पडलेला प्रकाश : हिचकॉक यांचा ‘आय कन्फेस’

रहस्यपटातील ताण कोठून येतो, असे विचारले तर बहुतेक प्रेक्षक अंधाराकडे बोट दाखवतील. काळोखा जिना, दाराआडची सावली, रिकाम्या गल्लीतील पावले ही या चित्रप्रकाराची ओळखीची सामग्री होय. परंतु भर उजेडात, सर्वांच्या देखत, प्रेक्षकाचा श्वास रोखून धरणे हे अधिक अवघड काम आहे. आल्फ्रेड हिचकॉक यांनी ‘आय कन्फेस’ (१९५३) या कृष्णधवल चित्रपटात ते साधले आहे, असे आम्हांस वाटते.

कॅनडातील क्विबेक शहरी चर्चचा नोकर ऑटो केलर एका वकिलाचा खून करतो आणि त्याच रात्री फादर मायकल लोगन यांच्यापाशी पापनिवेदन करतो. खुनाच्या वेळी त्याने धर्मगुरूचा झगा घातलेला असल्यामुळे संशय फादरांवरच येतो. खुनी कोण हे प्रेक्षकाला प्रारंभीच ठाऊक होते. त्यामुळे ‘कोणी केले’ हे कुतूहल संपते आणि ‘हे ओझे हा माणूस कोठवर वाहील’ ही काळजी सुरू होते.

छायालेखक रॉबर्ट बर्क्स यांचा कॅमेरा आरंभी रात्रीच्या निर्जन रस्त्यांवरून फिरतो. रस्त्यावरचे दिशादर्शक बाण जणू आपल्याला ओढीत प्रेतापर्यंत नेतात. पाठोपाठ झग्यातील काळी आकृती गल्लीतून निसटते. येथवरची मांडणी रूढ रहस्यपटाची आहे. पापनिवेदनानंतर मात्र छायाप्रकाशाचे काम पालटते. आता प्रकाश गुन्हेगाराचा माग काढीत नाही; तो निरपराध चेहऱ्यावर स्थिरावतो. मॉन्टगोमेरी क्लिफ्ट यांच्या मुद्रेवर फारशी हालचाल नाही. तिथे डोळेच बोलतात आणि कॅमेरा त्यांच्या निकट थांबून राहतो.

धर्मगुरुनिवासातील न्याहारीचा प्रसंग पाहावा. टेबलाभोवती फादरमंडळी किरकोळ गप्पा मारीत आहेत. केलरची पत्नी आल्मा कॉफी वाढीत फिरते आहे. लोगन यांच्या पाठीमागून जाता-येता ती त्यांच्या चेहऱ्याचा ठाव घेते : यांना कळले आहे काय? हे बोलतील काय? संवादात याचा उच्चारही नाही. शब्द एक सांगतात आणि चित्र दुसरेच सांगते. या दोहोंमधील अंतरातून ताण जन्मतो.

दुसरा प्रसंग शहरातील भटकंतीचा. पोलिसांच्या स्वाधीन होण्यापूर्वी फादर रस्तोरस्ती हिंडतात. एका दृश्यात कॅमेरा उंचावर आहे. अगदी पुढे क्रूस वाहणाऱ्या ख्रिस्ताचा पुतळा गडद उभा आहे आणि खाली, दूरवर, लोगन यांची इवली आकृती चालते आहे. क्रुसाच्या वाटेची भक्ती करणाऱ्या आपल्या वाचकांना या दृश्याचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

चित्रपट निर्दोष मात्र नाही. रूथ या स्त्रीच्या पूर्वस्मृतीचे दृश्य इतके मऊ व स्वप्नाळू उजेडात रंगवले आहे की, बांधत आणलेला ताण तेथे सैल पडतो. अखेरीस केलर पोलिसांच्या गोळीने कोसळतो आणि कथेचा गुंता बाहेरूनच सुटतो. न्यायालयातून सुटका झाल्यावर जमावाचा तिरस्कार झेलणारे फादर लोगन आम्हांस या शेवटापेक्षा अधिक खरे वाटतात.

हिचकॉक कॅथॉलिक कुटुंबात वाढले आणि लंडनच्या येशूसंघीय शाळेत शिकले. तरीही पुढे फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी बोलताना त्यांनी कबूल केले की, कॅथॉलिकेतर प्रेक्षकाला फादरांचे मौन पटत नाही, आणि म्हणून हा चित्रपट करायला नको होता. हे मत आम्हांस मान्य नाही. पापनिवेदनाची गुप्तता अभंग असल्याचे धर्मसभेच्या कायद्याचे ९८३ वे कलम सांगते. परंतु ती पाळताना माणसाला काय सोसावे लागते, हे कायद्याच्या भाषेत मावत नाही. ते या चित्रपटात दिसते. अलीकडे या गुप्ततेविषयी काही देशांत सरकारदरबारीही प्रश्न विचारले जात आहेत. अशा वेळी त्या मौनाची किंमत आपल्या घरातील तरुणांनी डोळ्यांनी पाहिलेली बरी.

चित्रपट जमल्यास कुटुंबासह पाहावा, आणि न्याहारीचा प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहावा. त्यात काही उणे झाल्यासारखे वाटणार नाही.