हरवलेला फिल्टर

जास्वंदीच्या पानाच्या खालच्या बाजूला रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, तो वाळला की पारदर्शक चिकटपट्टीने अलगद उचलायचा आणि पट्टी काचपट्टीवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. पर्णरंध्रांचे ठसे स्पष्ट दिसतात. हा प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी वर्गात केला असेल. माझ्या ओळखीच्या एका शाळेतील नववीच्या मुलांनी त्यात थोडी भर घातली. नेत्रिकेला मोबाइल लावून त्यांनी ठशांची छायाचित्रे घेतली आणि उन्हातल्या व सावलीतल्या पानांवरची रंध्रे मोजायला सुरुवात केली.

छायाचित्रांत काळेपांढरे ठिपके फार होते. ते घालवण्यासाठी मी मुलांना चित्रसंपादनाच्या एका सॉफ्टवेअरमधला माझा आवडता फिल्टर दाखवला. एक कळ दाबली की ठिपके जात आणि रंध्रांच्या कडा मात्र शाबूत राहत. वर्षभर काम छान चालले.

पुढच्या वर्षी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. ती बसवली आणि यादीतून तो फिल्टर नाहीसा झाला. त्याच्या जागी दुसरा, 'सुधारित' म्हणवणारा फिल्टर होता. त्याने ठिपके गेले, पण फिकट रंध्रेही पुसली गेली. झाडे तीच होती, पण रंध्रांची संख्या कमी भरली. फरक पानांत पडला की फिल्टरमध्ये, हे कसे ठरवायचे? तेव्हा एका मुलीने विचारले, "मॅडम, जुन्या फिल्टरमध्ये नेमकं काय होत होतं?"

मला उत्तर देता आले नाही. संशोधनात इतकी वर्षे घालवून, रोज वापरत असलेल्या साधनाच्या पोटात काय चालते हे मी कधी विचारलेच नव्हते.

असे अनुभव विरळ नाहीत. फोटोशॉप या प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये २०१२ साली, सीएस६ या आवृत्तीत, 'ऑइल पेंट' नावाचा फिल्टर आला. छायाचित्राला तैलचित्राचे रूप देणारा हा फिल्टर पुष्कळांना आवडला. २०१४ च्या आवृत्तीत तो काढून टाकला गेला. ज्यांचे काम त्यावर अवलंबून होते, त्यांनी नव्या आवृत्तीशेजारी जुनी आवृत्तीही संगणकावर ठेवली. २०१५ च्या अखेरीस तो फिल्टर परत आला. मधल्या काळात वापरणाऱ्याच्या हाती वाट पाहण्यापलीकडे काही नव्हते.

फिल्टर नाहीसे होण्याची कारणे अनेक असतात. काही फिल्टर बाहेरून जोडलेले असतात आणि मूळ सॉफ्टवेअरचा किंवा संगणकाचा पाया बदलला की निकामी होतात. ॲपलच्या संगणकांवर २०१९ साली कॅटालिना ही प्रणाली आली. तिच्यावर ३२-बिट सॉफ्टवेअर चालेनासे झाले आणि त्यांबरोबर कितीतरी जुने फिल्टर गेले. कधी मालकच बदलतो. छायाचित्रकारांचा आवडता 'निक कलेक्शन' हा फिल्टरांचा संच २०१२ साली गूगलने विकत घेतला आणि २०१६ साली तो फुकट उपलब्ध करून दिला. २०१७ साली तो पुढे सुधारला जाणार नाही असे जाहीर झाले आणि त्याच वर्षी तो डीएक्सओ या कंपनीकडे गेला. तो तरला, पण सर्वांचेच नशीब असे नसते.

येथे कंपन्यांवर टीका करणे सोपे आहे आणि काही अंशी ती योग्यही आहे. नवी आवृत्ती देताना काय काढले, का काढले आणि त्याऐवजी काय वापरावे हे ठळकपणे सांगणे अवघड नाही. त्या जागी 'अधिक वेगवान, अधिक सोपे' अशी जाहिरात वाचायला मिळते आणि गेलेल्या गोष्टीचा शोध ज्याचा त्यालाच लागतो. पण पाया बदलल्यावर प्रत्येक जुनी सोय कायम जपावी, ही अपेक्षाही रास्त नाही. जपणूक फुकट होत नाही. त्यासाठी कुणाला तरी राबावे लागते. खुल्या सॉफ्टवेअरचीही यातून सुटका नाही. 'गिंप' या मुक्त सॉफ्टवेअरची तिसरी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली, तेव्हा दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेली जोड-साधने नव्याने लिहून घेतल्याखेरीज चालेनात. फरक इतकाच, की तिथे जुन्या साधनाची आज्ञावली वाचायला मिळते आणि जाणकार माणूस ती दुरुस्त करू शकतो.

माझा खरा आक्षेप दुसरा आहे आणि त्यात मीही आरोपी आहे. फिल्टर म्हणजे यादीतले एक नाव, अशी आपली समजूत झाली आहे. वस्तुतः फिल्टर म्हणजे आकडेमोडीची एक कृती. संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. काळ्या चित्रबिंदूला ०, पांढऱ्याला २५५ आणि मधल्या छटांना मधले आकडे. समजा, एका चित्रबिंदूसह त्याच्या भोवतीचे नऊ आकडे असे आहेत:

५२, ५०, ५१
५३, २५०, ४९
५०, ५२, ५१

मधला २५० हा नको असलेला पांढरा ठिपका आहे. नऊ आकड्यांची सरासरी काढून मध्ये लिहिली तर ७३ येते. ठिपका फिका होतो, पण जात नाही. शिवाय हीच कृती सगळ्या चित्रावर केली की कडाही पुसट होतात. आता सरासरीऐवजी मध्यक घेऊ. आकडे चढत्या क्रमाने मांडले की ४९, ५०, ५०, ५१, ५१, ५२, ५२, ५३, २५० असे होतात. पाचवा आकडा ५१. तो मध्ये लिहिला की ठिपका नाहीसा. हाच मध्यक फिल्टर. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्यूकी यांनी १९७० च्या दशकात ही कल्पना मांडली. नववी-दहावीच्या मुलाला ती कागद-पेन्सिलीने करता येते.

तैलचित्रासारखा परिणामही काही जादू नव्हे. जपानमधील मिचियोशी कुवाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमा स्वच्छ करण्यासाठी एक कृती १९७६ साली प्रसिद्ध केली. चित्रबिंदूभोवती पाच गुणिले पाच असा चौकोन घ्यायचा. त्याचे तीन गुणिले तीनचे चार कोपरे पाडायचे. मधला बिंदू चारही कोपऱ्यांत येतो. ज्या कोपऱ्यातील आकड्यांत सर्वांत कमी चढउतार असेल, त्याची सरासरी मधल्या बिंदूला द्यायची. कडेच्या पलीकडचा भाग सरासरीत मिसळत नाही, म्हणून कडा धारदार राहतात आणि आतला भाग सपाट होतो. हीच कृती मोठ्या चौकोनांनी केली की चित्र कुंचल्याच्या फटकाऱ्यांसारखे दिसू लागते.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. यादीतले एक नाव म्हणून मिळालेला फिल्टर दोन वर्षांत काढला गेला. कृती म्हणून लिहून ठेवलेला १९७६ चा फिल्टर आजही कुणालाही, कुठल्याही संगणकावर वापरता येतो. तो कुणाला काढून घेता येत नाही. विज्ञानात कृती लिहून प्रसिद्ध करण्याची जी शिस्त आहे, तिचे मोल मला हा आवडता फिल्टर हरवल्यावर नव्याने कळले. 'अमुक सॉफ्टवेअरने चित्र स्वच्छ केले' असे लिहिणे म्हणजे 'औषध दिले, रोगी बरा झाला' असे लिहिण्यासारखे आहे. कोणते औषध आणि किती, हे त्यात नाही.

आपल्या शाळांतल्या संगणक शिक्षणाचा मोठा भाग मात्र 'या यादीत जा, ही कळ दाबा' असाच असतो. आवृत्ती बदलली की हे शिक्षण शिळे होते. त्याऐवजी एका तासाला मुलांना चौकटीच्या वहीत नऊ आकडे देऊन मध्यक काढायला लावावे आणि मग तेच काम संगणकाला सांगावे. गणिताच्या पुस्तकातला मध्यक इथे कामाला येतो, हे पाहून त्यांना नवल वाटेल. त्याबरोबर तीन सवयी लावाव्यात. मूळ छायाचित्रावर कधीही फिल्टर चालवू नये, नेहमी प्रतीवर चालवावा. कोणती कृती, किती मोठ्या चौकोनाने आणि कोणत्या आवृत्तीत केली, हे प्रयोगवहीत लिहावे. आणि चालू असलेले काम पुरे होईपर्यंत आवृत्ती बदलू नये.

यातली पहिली सवय आमच्या मुलांना सुदैवाने होती. दोन्ही वर्षांची मूळ छायाचित्रे त्यांनी जपून ठेवली होती. 'इमेजजे' हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तयार झाले आहे. त्यातील मध्यक फिल्टर सर्व छायाचित्रांवर एकाच मापाने चालवून मुलांनी दोन्ही वर्षांची रंध्रे पहिल्यापासून पुन्हा मोजली. काम कंटाळवाणे होते आणि ते करावे लागले याला कारण मी होते. पण आता दोन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवता आले.

माझ्या आवडत्या फिल्टरमध्ये नेमके काय होत होते, ते मला अजून ठाऊक नाही. आताच्या फिल्टरमध्ये काय होते ते मात्र वर्गातल्या कुणालाही विचारा. ती मुलगी तर फळ्यावर नऊ आकडे मांडूनच दाखवते.